चुलीला लागून

कच्चा टाका सोडवायचा मान आत्याचा. तो तिला कुणी दिला नव्हता, तिनेच घेतला होता, आणि एकदा घेतलेली गोष्ट आत्या परत करत नाही हे घरात सगळ्यांना पाठ होतं. त्यामुळे दुकानाचं शटर अर्धं खाली आलं, कापायच्या टेबलावरचे गिऱ्हाइकांचे कपडे उचलून खुर्च्यांवर गेले आणि गोधडीच्या सगळ्या चौकटी ओळीने मांडून झाल्या, तरी कुणी हात लावला नाही. आत्याने आधी चष्मा पुसला. मग तो परत पुसला.

"वन्सं, काच झिजेल," घरातली थोरली सून म्हणाली. ती हसत होती. त्या दुपारी ती हसली ते एवढंच.

या घरची मुलगी लग्न होऊन निघाली की तिच्याबरोबर एक गोधडी जाते. घरातल्या माणसांच्या जुन्या कपड्यांच्या पट्ट्या काढायच्या आणि त्या चौकटी-चौकटीने जोडायच्या. प्रत्येक चौकटीच्या मधे लाल चौकोन, त्याला चूल म्हणायचं. बाकी बायका चुलीभोवती गोल फिरत एकेक पट्टी लावत जातात. या घरात पट्ट्या जोडीनेच लागतात. चुलीच्या डाव्या-उजव्या अंगाला दोन, समोरासमोर; मग वर-खाली दोन; मग परत डावी-उजवी. समोर कुणी नाही अशी पट्टी इथे चालत नाही. चुलीला लागून पहिली जोडी आई-बापाची.

आतल्या दोन जोड्या जिची गोधडी तिने स्वतः शिवायच्या. शिवून झाल्या की त्यावर पांढरं फडकं कच्च्या टाक्याने टाचून टाकायचं, कारण पुढे चौकट सगळ्यांच्या हातांतून फिरते आणि शिंप्याच्या घरात तेल-खडू न लागलेली बोटं नसतात. फडकं निघतं ते थेट मांडणीच्या दिवशी. ही युक्ती गेलेल्या सासूबाईंची. कापड स्वच्छ राहतं खरं, पण आत काय शिवलंय ते तोपर्यंत कुणी बघत नाही, हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नसावं.

बटणच्या, म्हणजे घरातल्या नवऱ्या मुलीच्या, गोधडीत पहिली जोडी कुणाची, हा प्रश्न केव्हाच मिटला होता. म्हणजे थोरलीने मिटवला होता. बटणची आई घर सोडून गेली तेव्हा बटण चार वर्षांची होती. तिला वाढवली थोरलीने, स्वतःच्या पोटी मूल नसलेल्या या काकूने. म्हणून पहिली जोडी थोरली आणि तिचा नवरा, म्हणजे दुकानातले कटिंग मास्तर. दुसरी जोडी बटणचा बाप आणि आत्या, भाऊ-बहीण. बाप बस चालवतो. त्याला विचारलं तर तो "चालेल" म्हणाला. त्याला सगळंच चालतं.

आत्याने पहिल्या चौकटीचा दोरा ओढला. फडकं निघालं. तिने दुसऱ्या चौकटीचा ओढला, तिसऱ्या चौकटीचा ओढला, आणि मग तिचा हात थांबला.

"हे जांभळं कुणाचं?" तिने विचारलं.

टेबलाच्या पलीकडे धाकटी उभी होती, घरातली सगळ्यांत लहान सून. तिने मान खाली घालून एक सुटा दोरा बोटाला गुंडाळायला घेतला. आत्याने ते पाहिलं. आत्याच्या नजरेतून काही सुटत नाही, फक्त त्याचा अर्थ तिला थोडा उशिरा लागतो.

थोरलीला उशीर लागला नाही. चुलीच्या एका अंगाला ड्रायव्हरच्या गणवेशाची खाकी पट्टी होती आणि दुसऱ्या अंगाला ते जांभळं जाड कापड. तिची स्वतःची मोहरी रंगाची पट्टी दुसऱ्या जोडीत वर गेली होती, मास्तरांची राखाडी खाली. ते जांभळं कापड तिनेच बाजारातून आणलं होतं, तिनेच त्याचा कोट शिवला होता, जाऊ, म्हणजे बटणची आई, छापखान्यात कामाला लागली तेव्हा. कॉलर दोनदा उसवून परत लावली होती, कारण जावेची मान लांब होती आणि कोट नीट बसत नव्हता. तो कोट अंगात घालून ती गेली ती गेलीच.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाकीच्यांचीही फडकी काढा," ती म्हणाली.

आत्याने भराभर दोरे ओढले. प्रत्येक चौकटीत तेच. खाकी आणि जांभळं, समोरासमोर.

"बटण."

बटण इस्त्रीच्या टेबलाजवळ उभी होती. लहानपणी शर्टाचं बटण गिळल्यापासून तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं होतं. रविवारी तिचं लग्न. ती पुढे आली नाही.

"काय गं, काकू."

"काय गं? मला विचारतेस काय गं? हे काय आहे?"

"पहिली जोडी आहे."

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. आयुष्यभर त्यांनी घरातल्या भांडणांत एक नियम पाळला होता, गप्प बसायचं. आज त्यांना काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे. "मला दुसरी जोडी चालते हं," ते म्हणाले. "वरखाली आपण दोघं आहोतच की."

"तुम्हाला कोण विचारतंय!" थोरली एवढ्या जोरात ओरडली की शटरबाहेर पँटची लांबी कमी करून घ्यायला आलेला माणूस आल्या पावली परत गेला.

आत्या इथपर्यंत बटणच्या बाजूने होती. म्हणजे तिला तसं वाटत होतं. आई शेवटी आई असते, असं एक वाक्य तिने मनात जुळवूनही ठेवलं होतं आणि ते बोलायची जागा ती शोधत होती. शोधता शोधता तिने चौकटी परत एकदा पाहिल्या. खाकी. जांभळं. मोहरी. राखाडी. तिने एक चौकट उचलून उजेडात धरली.

"माझं कापड कुठाय?"

"आत्या, अगं..."

"माझं निळं फुलांचं कापड दिलं होतं मी. नवं होतं ते! एकदा घातलेलं! दुसऱ्या जोडीत मी होते."

"जागा उरली नाही," बटण म्हणाली.

"जागा उरली नाही?" आत्याचा आवाज चिरकला. "जी बाई पोर टाकून गेली तिला जागा आहे, आणि माझ्यासाठी जागा उरली नाही? आणि मी मूर्ख, कंबर मोडेपर्यंत बाहेरच्या पट्ट्या शिवत बसले! वहिनी, उसव. माझ्या हातची शिवण आहे, पण उसव तू."

थोरलीला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने खडूच्या डब्यातून अर्धं ब्लेड काढलं, एक चौकट ओढून पुढ्यात घेतली आणि बसली.

अशी चौकट उसवायची तर बाहेरून आत यावं लागतं. आतली पट्टी वरच्यावर काढता येत नाही, तिला बाहेरच्या पट्टीने दाबलेलं असतं, आणि त्या पट्टीला तिच्याही बाहेरच्या. आधी आत्याच्या शिवणी गेल्या. मग धाकटीच्या. थोरली ब्लेडचं टोक टाक्यांत घालत होती आणि फर्रकन ओढत होती. जिचं आयुष्य दुसऱ्यांच्या शिवणी न दुखवता उसवण्यात गेलं, ती हे करताना कापडही फाडत होती.

धाकटीला ते बघवेना. तिसरी जोडी तिने लावली होती, तिच्या नवऱ्याच्या आणि तिच्या कपड्याची. या घरात येऊन तिला एवढी वर्षं झाली, पण अजून तिला कुणी काही विचारत नसे, आणि म्हणूनच तिला सगळं कळत असे. बटणने जांभळं कापड कापलं ते धाकटीच्याच खोलीत. दाराला कडी तिनेच लावली होती.

"ताई, माझी पट्टी फाटतेय," ती म्हणाली.

"फाटू दे."

"ती माझी आहे."

थोरलीने वर पाहिलं. "तुला ठाऊक होतं."

"होतं."

"आणि माझ्याच स्वयंपाकघरात रोज माझ्या शेजारी उभी राहत होतीस."

"हो," धाकटी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, पण आवाज हलला नाही. "सांगितलं असतं तर तुम्ही हेच केलं असतं. आत्ता करताय ते. ताई, या घरात तुम्हाला विचारल्याशिवाय मीठ बदलत नाही. एक गोष्ट तिने तिच्या मनाने केली. एक!"

"वा! तोंड फुटलं म्हणायचं," आत्या म्हणाली.

"तुम्ही मधे बोलू नका. तुम्हाला फक्त तुमच्या निळ्या फुलांचं पडलंय."

धाकटीने असं उत्तर कधी दिल्याचं आत्याला आठवत नव्हतं.

नेमका त्याच वेळी ड्रायव्हर शटरखालून वाकून आत आला. पाळी संपवून तो थेट डेपोतून आला होता, गणवेश अंगात, डब्याची पिशवी हातात. चौकटी मांडणार आहेत हे त्याला माहीत होतं. आपली पट्टी कुठे असेल तेही माहीत होतं. त्याने टेबलाकडे पाहिलं आणि त्याला ती तिथे दिसली नाही. मग दिसली. मग तिच्या समोरची दिसली.

तो कोट त्याने कित्येक वर्षं रस्त्यावर शोधला होता. गाडी थांब्यावर उभी राहिली की चढणाऱ्या बायकांत जांभळं काही दिसतंय का, हे तो आरशात बघायचा. ते कधी थांबलं हेही त्याला सांगता आलं नसतं. आत्ता त्याला एकाच वेळी लाज वाटली आणि बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा राग आला.

"वहिनी, थांबा," तो म्हणाला.

थोरलीचं ब्लेड थांबलं ते आश्चर्याने. "तुम्ही दिलंत का हे कापड, भावजी?"

"नाही. पण ते राहू दे."

"राहू दे?"

"माझी मुलगी आहे ती. तिला ठेवायचंय तर राहू दे."

थोरली उभी राहिली. मांडीवरच्या दोऱ्यांचा गुंता खाली पडला.

"तुमची मुलगी! आज आठवलं? हिचे दुधाचे दात पडत होते तेव्हा तुम्ही कुठल्या रूटवर होतात? शाळेत हिला विचारलं, बाबा कुठे असतात, तर ही बसचा नंबर सांगायची. नंबर, भावजी! परीक्षेच्या आदल्या दिवशी हिला ओकाऱ्या व्हायच्या, ते कुणी धुतलं? पहिल्यांदा कपडे खराब झाले तेव्हा ही घाबरून संडासात कडी लावून बसली होती, दाराशी बसून कोण बोललं हिच्याशी? तेव्हा नाही म्हणालात कधी, वहिनी थांबा!"

"नाही म्हणालो," ड्रायव्हर म्हणाला. त्याचाही आवाज चढला, आणि तो चढल्याचं मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. "चुकलो. पण तुम्ही मला तरी कुठे हात लावू दिलात? मी केस विंचरायला घेतले तर तुम्ही कंगवा काढून घ्यायचात. मी खाऊ आणला तर दात किडतील. माझ्याच पोरीच्या गोधडीत तुम्ही मला दुसऱ्या जोडीत ढकललंत, बहिणीच्या समोर!"

"चालेल म्हणालात तुम्ही!"

"मग काय म्हणणार होतो? तुमच्यापुढे कुणाला दुसरं काही म्हणता येतं का?"

"बरोबर आहे त्याचं," आत्या म्हणाली, आणि मग आपण कुणाच्या बाजूने बोललो याचा तिलाच पत्ता लागेना. भाऊ बोलला की तिला भरून यायचं. निळ्या फुलांचा राग मात्र जागच्या जागी होता.

"सगळे गप्प बसा," बटण म्हणाली.

ती इस्त्रीपासून पुढे आली. तिचा चेहरा थोरलीसारखा झाला होता, रागावली की तो तसाच व्हायचा, जबडा पुढे आणि ओठ आत. रक्ताचं नातं नसून हे कुठून आलं, याचं शेजारणींना नवल वाटायचं.

"कापड कुणी दिलेलं नाही. मी जाऊन आणलं. ती अजून छापखान्यातच आहे, पुस्तकं बांधते. मी गेले आणि सांगितलं, मी कोण ते. ती रडली. मी नाही रडले. मी विचारलं, का गेलीस. म्हणाली, नीट सांगता येत नाही. मी म्हटलं, ठीक आहे, मग तो कोट दे. घरी नेलं तिने. चहा करते म्हणाली, मी घेतला नाही. उभ्या उभ्या कोट घेतला आणि आले."

"लग्नाला येणार आहे?" थोरलीने विचारलं.

"नाही बोलावलं."

"मग?" थोरलीने ती अर्धी उसवलेली चौकट बटणच्या तोंडासमोर धरली. "मग हिला चुलीला लागून का बसवलीस? जिला बोलवावंसं वाटलं नाही, जिच्या हातचा चहा गिळवला नाही, तिला इथे? आणि मी वर? बोल ना! काय कमी केलं मी तुला?"

"काही कमी नाही केलंस."

"मग?"

"पहिली जोडी आई-बापाची असते."

"आणि मी कोण?"

"काकू," बटण म्हणाली.

तिने ते टोचायला म्हटलं नव्हतं. पण थोरलीच्या हातातली चौकट खाली आली. मागे इस्त्री तापून टकटक करत होती.

"मी नाही ठरवलं ते," बटण म्हणाली. आता तिचा आवाज थरथरत होता आणि त्याचा तिला संताप येत होता. "मला शिकवलंस तू. इथेच, याच टेबलाशी. दुकान भरलेलं होतं. मी शाळेतून आले आणि तुझी ओढणी धरून म्हटलं, आई, भूक लागली. तू माझा हात झटकलास. सगळ्यांसमोर म्हणालीस, आई नाही, काकू म्हण. मी परत आई म्हटलं. तू मला ओढत मागच्या खोलीत नेलंस आणि एक ठेवून दिलीस. म्हणालीस, तुझी आई गेलीय, मेली नाही. मी काकू आहे. दहादा म्हण. मी दहादा म्हटलं."

ड्रायव्हर पिशवीच्या बंदाकडे बघत राहिला.

"मग मी काकूच म्हणत राहिले," बटण म्हणाली. "एकदाही चुकले नाही. आता काकूची पट्टी कुठे लागते ते तूच सांग. तुझ्याच घरची रीत आहे. आणि आईची जागा रिकामी ठेवता येत नाही, समोर बाबा आहेत."

थोरलीला तो दिवस आठवत होता. तिला आठवत नसता तर बरं झालं असतं. दुकानात गिऱ्हाइकं होती, त्यांतल्या दोघी एकमेकींकडे बघून ओठ मुडपून हसल्या होत्या. बघा, हिला मिळाली आयती. जावेला हाकलून पोर घेतली. आणि खरं सांगायचं तर फक्त तेवढंच नव्हतं. तेव्हा रोज संध्याकाळी तिला वाटायचं, शटरखालून आता तो जांभळा कोट वाकून आत येईल आणि म्हणेल, माझी मुलगी द्या. पोर द्यावी लागली असती. पण तो शब्द एकदा कानात बसला असता, तर तो कुठून परत देणार होती ती? म्हणून तिने तो घेतलाच नाही. पोटच्या पोरीसारखं सगळं केलं, फक्त तेवढं केलं नाही, आणि पुढे कुणी आलं नाही तेव्हा तो शब्द मागायचा कसा हे तिला कळलं नाही. तिला वाटलं, गोधडीत मिळेल. तिथे मागावं लागत नाही, नुसतं कापड द्यावं लागतं.

ती परत बसली. चौकट मांडीवर घेतली आणि ब्लेड उचललं. ड्रायव्हर पुढे झाला, पण मास्तरांनी त्याच्या दंडाला धरलं.

आता फक्त तिचीच पट्टी मधे होती. तिने मोहरी रंगाची पट्टी उसवली, हळू, एकेक टाका कापत. मग राखाडी. दोन्ही बाजूला ठेवल्या. मांडीवर चूल उरली, आणि तिच्या दोन अंगांना खाकी आणि जांभळं. बटणची शिवण सरळ होती, काठापासून कुठेही न हललेली. तिला ती शिवण कुणी शिकवली ते दुकानातल्या सगळ्यांना माहीत होतं.

थोरलीने ब्लेडचं टोक त्या शिवणीवर टेकवलं. बराच वेळ ते तिथेच राहिलं. मग तिने ब्लेड खडूच्या डब्यात टाकलं.

"धाकटे, बाकीच्या चौकटी जोडायला घे," ती म्हणाली. "रविवार तोंडावर आलाय."

"आणि ही?"

"ही मी शिवते. होती तशी."

"आणि माझं निळं?" आत्याने विचारलं. तिला स्वतःचीच लाज वाटली, पण विचारल्यावाचून राहवलं नाही.

"तुमचं काठाला लावू, वन्सं. चारी बाजूंनी. सगळ्यांना दिसेल."

आत्या नाक ओढत निळं कापड शोधायला गेली. ड्रायव्हर बाहेर जाऊन पायरीवर बसला. मास्तरांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. धाकटीने मशीनच्या चाकावर हात ठेवला, पण पायडल दाबलं नाही.

थोरली सुईत दोरा ओवत होती. दोरा जात नव्हता. बटण समोर येऊन उभी राहिली, तिच्या हातातून सुई घेतली, दोरा ओवला, गाठ मारली आणि परत दिली. थोरलीने ती घेतली नाही. तिचा राग अजून गेला नव्हता. आता तो कुणावर काढायचा हे मात्र कळत नव्हतं, म्हणून ती पोरीवरच परत उखडली.

"म्हणायचीस की तरी," ती म्हणाली. "मी एकदा नको म्हटलं म्हणून काय झालं? बाकी सगळ्यावरून भांडलीस माझ्याशी. कपड्यांवरून, शाळेवरून, या लग्नावरून. यावरूनही भांडायचीस. आणखी दोन खाल्ल्या असत्यास, पण म्हणायचीस!"

बटणने सुई टेबलावर ठेवली.

"मी पाच वर्षांची होते, काकू."